कपलरला कुलूप घातलं म्हणजे ट्रेलर बांधला असं होत नाही

तुमच्या प्रश्नातलं 'विमावाल्यांना फोन करून विचारलं, कुठलंही चांगलं कुलूप चालेल म्हणाले' हे वाक्य वाचलं आणि तिथेच अडलो. बाकीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे: दोन ॲक्सलचा ट्रॅव्हल ट्रेलर, 2 इंची कपलर (ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचं तोंड, जे गाडीमागच्या बॉलवर बसतं), वर्षातला बराचसा काळ भाड्याच्या आवारात उभा, तर कपलरला कोणतं कुलूप घ्यावं. त्या फोनबद्दल खाली लिहितो, कारण तो कुलपापेक्षा महाग पडतो. (मी ना कुलपं विकतो ना विमा. तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते तुम्हीच वाचायचं.)

आधी कपलर. तुम्ही फोटो टाकलाय ते कुलूप, म्हणजे बॉलच्या जागी एक गोळा आणि वरून यू आकाराची दांडी, दिसायला दणकट असतं. त्यातली बरीचशी ॲल्युमिनियमच्या ओतकामाची असतात. दांडी खाचाखाचांनी आत सरकते आणि शेवटच्या खाचेनंतरही ती आणि कपलरचं ओठ यांत फट उरते. त्या फटीत कटावणी शिरली की संपलं, ओतकाम वाकत नाही, तडकतं. म्हणून विकत घेण्याआधीची एकच परीक्षा: कुलूप लावा, दोन्ही हातांनी हलवा. खडखडलं आणि फटीत सपाट स्क्रू-ड्रायव्हर गेला, तर परत करा.

निवडताना नुसता बॉलचा आकार बघून चालत नाही. 2 इंची बॉल म्हणजे 50.8 मिलिमीटर, 50 मिलिमीटरचा युरोपीय बॉल वेगळा. शिवाय एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या कपलरचं बाहेरचं अंग सारखं नसतं. ओठाची रुंदी, बॉल पकडून ठेवणारा खटका वर आहे की बाजूला, पुढच्या टोकाचा गोलवा, सगळं बदलतं. पुठ्ठा खालून दाबून कपलरच्या तोंडाचा ठसा घ्या, कडेने पेन्सिल फिरवा आणि तो पुठ्ठा कुलपाच्या मापांशी ताडा. कपलरचं पूर्ण तोंड झाकणारं, पोलादाचं, आणि ज्याची कडी बाहेर दिसतच नाही असं कुलूप मिळालं तर थोडे जास्त पैसे मोजा.

आता खरी गोम. चोराला तुमचं कपलरचं कुलूप तोडायचीच गरज नसते. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर दोन सेफ्टी चेन लोंबत असतात. त्या आपल्या गाडीच्या हिचला, म्हणजे मागच्या जोडणीला, घट्ट गुंडाळून हळूहळू ओढत नेता येतं, कुलूप तसंच जागेवर. दुसरा मार्ग नटांचा: बोल्टने बसवलेला कपलर मागच्या दोन नटांवर उभा असतो, दोन पान्हे आणि दुसरा कपलर एवढंच सामान लागतं. उपाय सोपे आहेत, पण लोक करत नाहीत. सेफ्टी चेन काढता येत असतील तर काढून ट्रेलरच्या आत ठेवा, नाहीतर कुलपाच्या कडीतच ओवा. कपलरच्या बोल्टला डोकं तुटणारे नट बसवा, म्हणजे घट्ट झाल्यावर षटकोनी भाग तुटून पडतो आणि पान्ह्याला धरायला काही उरत नाही. बोल्टचा दर्जा आणि घट्टपणा मात्र उत्पादकाने सांगितल्याइतकाच हवा, कारण ट्रेलरची सगळी ओढ त्या दोन बोल्टांवर आहे. कपलरवर घरच्या घरी वेल्डिंग करू नका.

गाडीला जोडलेला असतानाची कुलपं वेगळी. रिसीव्हर म्हणजे गाडीच्या मागची चौकोनी नळी, तिच्यात बॉलचा दांडा बसतो. तिच्या आडव्या खिळीचं कुलूप 2 इंची रिसीव्हरला 5/8 इंच, सव्वा इंची रिसीव्हरला अर्धा इंच. खटक्याच्या भोकातली बारीक खीळ बहुधा पाव इंच. ही प्रवासात ढाब्यापाशी किंवा पेट्रोल पंपावर थांबलात तर कामाची. सोडवून उभ्या ठेवलेल्या ट्रेलरवर खटक्याच्या खिळीचा उपयोग नाममात्र.

तेव्हा रोख चाकावर असू द्या. फिरणारं चाक थांबलं की चेनचा, नव्या कपलरचा, सगळे मार्ग एकदम अवघड होतात. चाकाचा क्लॅम्प, म्हणजे चाक फिरू न देणारं कुलूप, घेताना एक गोष्ट सक्तीची: चाकाचे नट झाकले गेले पाहिजेत. नुसता टायरला चावा घेणारा क्लॅम्प असेल तर चोर क्लॅम्पसकट चाक काढतो आणि दुसरं चढवतो. दुसरं कुठून आणतो? ट्रेलरच्या मागेच लटकलेली असते ती तुमची स्टेपनी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या याच. स्टेपनीला वेगळं कुलूप लावा, नाहीतर घरी नेऊन ठेवा.

दोन ॲक्सलवाल्यांनी आणखी सावध राहावं. एक चाक अडवलं तर ते काढून उरलेल्या तिघांवर थोडं अंतर नेता येतं. म्हणून क्लॅम्प दोन्ही बाजूंना हवेत, किंवा साखळी दोन्ही चाकांच्या भोकांतून ओवून ॲक्सलभोवती फिरवा. ओवताना ब्रेकची नळी आणि वायर साखळीखाली दबत नाही ना, हे वाकून बघा. दोन टायरांच्या मध्ये ताणून बसवायचे जे पाचरीसारखे ठोकळे मिळतात ते ट्रेलर डुलू नये म्हणून असतात; त्यांना कुलपाचं भोक असलं तरी त्यांना चोरीचा बंदोबस्त समजू नका.

साखळीचं गणित. 10 मिलिमीटरची साखळी लांब दांड्याच्या बोल्ट कटरपुढे टिकत नाही. 13 ची चांगली कडक केलेली असेल तर बरी. 16 ची हातकटरच्या तोंडात नीट मावत नाही, पण मीटरला साधारण पाच किलो भरते, तेव्हा ती उभ्या जागेसाठीच. ग्राइंडरपुढे कुठलीच साखळी अजिंक्य नाही, तुम्ही विकत घेताय ते फक्त वेळ आणि आवाज. साखळी जमिनीला टेकू देऊ नका. टेकली की कटरचा एक दांडा जमिनीवर रोवून दुसऱ्यावर अंगाचं वजन टाकता येतं. आणि कुलूप घेण्यापूर्वी हे तपासा: झाकलेल्या कडीच्या कुलपाची फट इतकी अरुंद असते की 16 च्या साखळीचे दोन दुवे त्यात शिरतच नाहीत. मग माणूस नाइलाजाने पातळ कडीचं कुलूप लावतो आणि पाच किलोची साखळी त्या कुलपाच्या लायकीची होते.

आता तो फोन. कुलपांना दर्जा असतो: साध्या कुलपांसाठी युरोपीय मानक ईएन 12320, 1 ते 6 श्रेणी, ब्रिटनमध्ये कुलपं तपासणाऱ्या सोल्ड सिक्युअर या संस्थेच्या ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड या श्रेणी. हा दर्जा त्या त्या प्रकारापुरता असतो. मोटरसायकलच्या साखळीचा गोल्ड ट्रेलरच्या हिचच्या कुलपाला लागू होत नाही. पॉलिसीत 'मान्यताप्राप्त' असा एक शब्द असतो आणि फोनवरच्या माणसाच्या 'कुठलंही चांगलं'मध्ये तो नसतो. दावा तपासणारा टेबल वेगळा, त्याला फोनची नोंद सापडत नाही, आणि फोनवाला टेबल हात वर करतो. माझा दावा अशाच एका 'चालेल'वर मेला, म्हणून एवढं तावातावाने लिहितोय. कुलपाची पावती, फोटो, सगळं होतं. फक्त कुलूप विमा कंपनीच्या मान्यताप्राप्त यादीतलं नव्हतं. त्या कार्यालयाने तोंडाला पानं पुसली, आणि कागदावर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

म्हणून फोन नको, ईमेल. तोही मोघम नको. असं लिहा: 'ट्रेलर गाडीपासून सोडवून आवारात उभा असताना कपलरचं कुलूप आणि चाकाचा क्लॅम्प दोन्ही लागतात का? दोन ॲक्सल आहेत, क्लॅम्प एका बाजूला पुरेल का? अमुक कंपनीचं अमुक मॉडेल मान्य आहे का? ट्रेलर गाडीला जोडलेला असून गाडीत कोणी नसेल तर काय लागतं? दाव्याच्या वेळी किती किल्ल्या द्याव्या लागतील?' शेवटचा प्रश्न फालतू वाटतो, पण लोक तिथेच फसतात. कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या, एक आवाराच्या राखणदाराकडे दिली, त्याने हरवली. पुढे 'सर्व किल्ल्या जमा करा' म्हटल्यावर एकच निघते. राखणदाराला किल्ली देऊच नका. ट्रेलर हलवायचा असेल तर तुम्हाला बोलवू दे. पावतीवर मॉडेलचं नाव छापून घ्या, आणि कुलूप लावलेल्या स्थितीत, ट्रेलरचा क्रमांक दिसेल असा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा.

किल्ल्यांवरून आठवलं. उत्तर अमेरिकी बनावटीचा ट्रेलर असेल तर सामानाच्या कप्प्याच्या किल्लीवर बघा, बहुधा 'सीएच 751' लिहिलेलं असेल. हीच किल्ली असंख्य ट्रेलरांना लागते आणि सुटी विकत मिळते. जुनं कुलूप मागच्या एका नटावर असतं. कुलपाच्या नळीची लांबी मोजा (5/8, 7/8 किंवा 1-1/8 इंच ही नेहमीची मापं), आतल्या पट्टीचा वाक जुन्यासारखाच ठेवा, आणि गोल किल्लीची कुलपं बसवा. पत्रा पातळ आहे, कटावणीपुढे तीही टिकणार नाहीत, पण निदान किल्लीने तरी कोणी उघडणार नाही.

किरकोळ पण कामाचं: दांडा भिंतीकडे करून उभा करा. पुढचा जॅक सुटा होत असेल तर काढून न्या. ट्रॅकर लपवणार असाल तर स्वतःच्या सेलवर चालणारा घ्या, उभ्या ट्रेलरची बॅटरी बहुतेक वेळा काढलेलीच असते. किल्ल्या शोधायचे छोटे टॅग स्वस्त आहेत, पण अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनलाच जाऊ शकते. आणि क्लॅम्प लावलाय हे विसरून गाडी पुढे घेतली की मडगार्ड फाटतो. एक लाल चिंधी गाडीच्या स्टिअरिंगला बांधा.

कुलपाचं किल्लीचं तोंड खाली राहील असं लावा, पाणी साचत नाही. आत जाडं तेल ओतू नका, धूळ धरतं. कोरडं वंगण, दर दोन-तीन महिन्यांनी, आणि किल्ली चार वेळा फिरवून बघा. गंजून बसलेलं स्वतःचं कुलूप कापायला शेवटी तुम्हालाच ग्राइंडर भाड्याने आणावा लागतो.