खेळाडूचं खेळतं भांडवल

मैदान सोडून धंद्यात आणि पुढे सार्वजनिक जीवनात उतरलेल्या खेळाडूंबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. त्यातल्या बहुतेकांचा रोख डेव्ह बिंग यांच्याकडे आहे, म्हणून आधी थोडक्यात ओळख. बिंग हे अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधले गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत नेणारे खेळाडू. १९६६ साली डेट्रॉइट पिस्टन्स संघानं त्यांना घेतलं. १९६७-६८ च्या मोसमात २,१४२ गुण करून ते लीगमध्ये पहिले आले. १९७८ मध्ये ते निवृत्त झाले, १९८० मध्ये त्यांनी बिंग स्टील ही कंपनी काढली आणि २००९ ते २०१३ ही वर्षं ते डेट्रॉइट शहराचे महापौर होते.

प्रश्न : एवढा मोठा खेळाडू म्हटल्यावर कंपनी नावावरच उभी राहिली असणार. त्यात शिकण्यासारखं काय?

निवृत्ती १९७८ ची आणि कंपनी १९८० ची. मधली दोन वर्षं पाहिली की उत्तर सापडतं. ती दोन वर्षं बिंग पॅरागॉन स्टील या कंपनीत नोकरीला होते आणि माल रवाना करण्यापासून विक्रीपर्यंतची कामं त्यांनी तिथे केली. त्याआधी, खेळत असतानाच, मोसम संपला की ते नॅशनल बँक ऑफ डेट्रॉइटमध्ये काम करायचे. सुरुवात गल्ल्यावरून झाली होती. खेळावर किती विसंबायचं हे त्यांच्या शरीरानंच त्यांना सांगितलं होतं. लहानपणी खिळा लागून डाव्या डोळ्याची नजर अधू झालेली, आणि १९७१ मध्ये उजव्या डोळ्याचा पडदा सरकला.

माल रवाना करणाऱ्या माणसाला काय कळतं, ते विक्रीच्या टेबलावर बसून कळत नाही. कोणत्या ग्राहकाकडून माल परत येतो आणि कशापायी. वजनकाट्यावर फरक कुठे पडतो. कडाक्याच्या थंडीत ट्रकमधून उतरलेली गार कॉईल, म्हणजे पोलादी पत्र्याचं भेंडोळं, उबदार गोदामात लगेच उघडली, तर तिच्यावर दव धरतं आणि एक-दोन दिवसांत गंजाचे ठिपके दिसू लागतात. म्हणून ती गुंडाळलेलीच ठेवून गोदामाच्या तापमानाला येऊ द्यावी लागते. असा माल परत आला की जाण्यायेण्याचं भाडं आपल्याच अंगावर बसतं.

नावाचा उपयोग होतोच, तो नाकारायचं कारण नाही. खरेदी अधिकारी फोन उचलतो, भेटीची वेळ देतो. पण भेटल्यावर त्याचे प्रश्न ठरलेले असतात : जाडीतला फरक किती, माल कोणत्या दिवशी, दर काय. पहिली ऑर्डर ओळखीनं मिळू शकते. दुसरी मात्र पहिला माल कसा पोहोचला त्यावरच मिळते.

प्रश्न : पोलादाच्या कारखान्याला अवाढव्य पैसा लागतो. बिंग यांनी अडीच लाख डॉलर कर्ज आणि स्वतःचे ८० हजार एवढ्यावर सुरुवात केली हे पटत नाही.

बिंग स्टील पोलाद वितळवत नव्हती. सुरुवात भाड्याच्या गोदामात, चार माणसांवर झाली. या धंद्याला स्टील सर्व्हिस सेंटर म्हणतात. गिरणी म्हणजे मिल मोठ्या कॉईल विकते. मोटारीचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेसवाल्याला मात्र ठरावीक रुंदीची पट्टी, ठरावीक दिवशी हवी असते. या दोघांमधली जागा सर्व्हिस सेंटर भरून काढतं.

त्यातलं मुख्य काम स्लिटिंग, म्हणजे कॉईल उभी चिरणं. समजा कॉईल १,२१९ मिलिमीटर रुंद आणि २० टन वजनाची आहे, ग्राहकाला १७० मिलिमीटरची पट्टी हवी. सात पट्ट्यांना १,१९० मिलिमीटर लागतात. उरलेले २९ दोन्ही कडांना भंगार म्हणून जातात. ते वजनात पावणेपाचशे किलोंच्या आसपास भरतं. दर सांगताना हे भंगार धरायचं विसरलं, तर नफा तिथेच संपतो.

पट्टी चिरणारी गोल पाती दोन शाफ्टवर बसवलेली असतात. वरच्या आणि खालच्या पात्यातली फट पत्र्याच्या जाडीच्या साधारण दहा टक्के, धातूच्या कडकपणानुसार कमी-जास्त. दीड मिलिमीटरच्या पत्र्याला ती ०.१५ मिलिमीटर होते. फट जास्त झाली किंवा पातं बोथट झालं, की कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत धार येते, आणि ती बर ग्राहकाच्या प्रेसमधली महागडी डाय, म्हणजे साचा, ओरबाडते. फट फार कमी ठेवली तर पात्यांचे टवके उडतात. आणखी एक खोच आहे. पत्रा मधोमध कडांपेक्षा किंचित जाड असतो. त्यामुळे पुन्हा गुंडाळताना मधल्या पट्ट्यांचे वेढे लवकर मोठे होतात आणि कडेच्या पट्ट्या सैल पडतात. हा ढिलेपणा झेलायला यंत्राच्या मध्ये खोल खड्डा ठेवतात आणि गुंडाळण्याआधी सगळ्या पट्ट्यांवर सारखा ताण देतात. याकडे दुर्लक्ष झालं तर बाहेरच्या पट्ट्यांची भेंडोळी मऊ होतात आणि उचलतानाच सुटतात.

प्रश्न : तरीही पहिल्या सहा महिन्यांत सगळा पैसा गेला असं म्हणतात. का?

गेला हे खरं. १९८० साली अमेरिकेत मंदी होती आणि मोटार उद्योगाला तिचा जबर फटका बसला होता. पण मंदी नसती तरी या धंद्यात नवा माणूस कुठे अडकतो, हे हिशेब मांडून पाहण्यासारखं आहे. हे आकडे उदाहरणाचे आहेत, बिंग यांच्या वहीतले नाहीत.

मिल ३० दिवसांची उधारी देते. कॉईल गोदामात ४५ दिवस पडून राहते. माल गेल्यावर ग्राहक आणखी ४५ दिवसांनी पैसे देतो. ४५ आणि ४५ मिळून ९०, त्यातून ३० वजा. म्हणजे ६० दिवस आपलाच पैसा अडकलेला. हाताशी ३ लाख ३० हजार डॉलर असतील, तर महिन्याला १ लाख ६५ हजारांपलीकडे खरेदी झेपत नाही. तीही पगार, भाडं, व्याज यांना एक पैसाही लागला नाही असं धरून. ते तर लागणारच.

आता पुढचं पाहा. दुसऱ्या वर्षापर्यंत बिंग स्टीलची उलाढाल ४२ लाख डॉलरवर गेली होती, म्हणजे महिन्याला साडेतीन लाख. त्यातले नव्वद टक्के खरेदीत जातात असं धरलं, तर वरच्याच हिशेबानं सव्वासहा लाखांवर खेळतं भांडवल हवं. ऑर्डर वाढली की आनंद होतो, पण तिजोरी आधी रिकामी होते. चांगल्या चालत्या कंपन्या अशाच वेळी कोसळतात, नफ्यात असताना.

यातून वाट काढायचे मार्ग तीनच. माल कमी दिवस पडून ठेवायचा, म्हणजे ऑर्डर हातात आल्यावरच कॉईल उचलायची. ग्राहकांकडचं येणं तारण ठेवून बँकेकडून उचल घ्यायची. किंवा ग्राहकाचाच माल घेऊन फक्त चिराईचे पैसे घ्यायचे, ज्याला आपण जॉबवर्क म्हणतो. त्यात नफा कमी, पण कॉईलमध्ये पैसा अडकत नाही. नवख्यानं जॉबवर्कपासून सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बिंग यांना जनरल मोटर्ससारखा मोठा ग्राहक मिळाला आणि दुसऱ्या वर्षी कंपनी नफ्यात आली. १९८५ पर्यंत दोन कारखाने, ६३ माणसं आणि ४ कोटी डॉलरची उलाढाल झाली होती.

प्रश्न : मुलगा व्यावसायिक खेळाडू आहे. उपाहारगृहाच्या एका साखळीची फ्रँचायझी घ्यावी म्हणतो. घेऊ द्यावी का?

आधी त्याला मोसमाबाहेर सहा महिने त्याच साखळीच्या एखाद्या उपाहारगृहात काम करू द्या, काउंटरवर आणि मागच्या भटारखान्यातही. ज्युनियर ब्रिजमन या एनबीए खेळाडूनं वेंडीज या अमेरिकी बर्गर-साखळीच्या बाबतीत हेच केलं. पुढे त्यांच्याकडे वेंडीजची दीडशेहून जास्त उपाहारगृहं होती.

आणि करारातली एक ओळ नीट वाचा : रॉयल्टी, म्हणजे साखळीचं नाव वापरण्याचा मोबदला, विक्रीवर द्यायची असते, नफ्यावर नाही. समजा विक्री १००. कच्चा माल ३०, पगार ३०, भाडं १०, वीज आणि दुरुस्ती १०, रॉयल्टी आणि जाहिरात मिळून ८. उरले १२, आणि कर्जाचा हप्ता त्यातूनच. विक्री ८५ वर आली तर कच्चा माल साडेपंचवीस होतो, रॉयल्टी ६.८ होते. पण भाडं, वीज तेवढीच राहते आणि पगार फार तर २८ वर येतो. हातात पाचही उरत नाहीत. विक्री पंधरा टक्क्यांनी घटली आणि नफा निम्म्याहूनही खाली आला. ८५ ला हप्ता भरता येईल एवढंच कर्ज काढू द्या.

प्रश्न : राजकारणात खेळाडूच्या शिक्षणाला कुणी विचारतं का?

विचारतात. फुटबॉलपटू जॉर्ज वेया यांना १९९५ चा बॅलन डी'ओर हा फुटबॉलमधला मानाचा पुरस्कार मिळाला होता. २००५ मध्ये ते लायबेरियाच्या अध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा विरोधकांनी नेमका हाच मुद्दा धरला आणि ते एलन जॉन्सन सर्लीफ यांच्याकडून हरले. नंतर त्यांनी पदवी घेतली, २०१४ मध्ये सिनेटवर निवडून आले आणि २०१८ मध्ये अध्यक्ष झाले. पहिल्या निवडणुकीपासून मोजली तर तेरा वर्षं गेली.

प्रश्न : कंपनी उत्तम चालवणाऱ्या बिंग यांच्या काळातच डेट्रॉइटचं दिवाळं निघालं. मग उद्योजक महापौराचा उपयोग काय?

बिंग आले तेव्हाच शहर खोलात होतं. १९५० मध्ये साडेअठरा लाख असलेली लोकवस्ती २०१० च्या जनगणनेत ७ लाख १३ हजारांवर आली होती. क्षेत्रफळ मात्र तेच, १३९ चौरस मैल. कर भरणारी माणसं गेली. रस्ते, जलवाहिन्या, अग्निशमन केंद्रं राहिली. कंपनी तोट्यातला विभाग बंद करू शकते. शहराला निम्मी रिकामी झालेली गल्ली बंद करता येत नाही, उरलेल्या दहा घरांना पाणी द्यावंच लागतं. निवृत्तांची पेन्शनही आधीच देऊन बसलेला शब्द असते.

मार्च २०१३ मध्ये राज्यानं केव्हिन ऑर यांना आपत्कालीन व्यवस्थापक नेमलं आणि आर्थिक निर्णय महापौरांच्या हातून गेले. १८ जुलै २०१३ रोजी शहरानं दिवाळखोरीचा अर्ज केला. देणं सुमारे १,८०० कोटी डॉलर होतं. अमेरिकेतल्या कोणत्याही शहराची एवढी मोठी दिवाळखोरी तोवर झाली नव्हती.

उपयोग काय, याचं उत्तर रस्त्यावरच्या दिव्यांत पाहावं. शहरातले सुमारे ४० टक्के दिवे बंद होते. तारा जुन्या, शिवाय तांब्यासाठी चोरलेल्या. दुरुस्तीला कर्ज हवं, आणि शहराची पत उरलेली नव्हती. बिंग यांच्याच काळात, राज्याच्या कायद्याच्या आधारे, दिव्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण उभं राहिलं. वीज-गॅसच्या बिलांवरच्या करातले वर्षाला सव्वा कोटी डॉलर फक्त त्याच्यासाठी बांधून दिले गेले. त्या खात्रीच्या उत्पन्नावर साडेअठरा कोटी डॉलरचे रोखे निघाले, कारण धनकोंना शहराच्या तिजोरीकडे पाहायची गरज उरली नव्हती. येणं तारण ठेवून उचल घ्यावी, तसंच हे. डिसेंबर २०१६ मध्ये ६५ हजार एलईडी दिवे लावून पूर्ण झाले, तेव्हा बिंग यांना पद सोडून तीन वर्षं होत आली होती.