फिर्यादीखाली सही कोणाची?

कोथरूडच्या एका वाचकांचं पत्र समोर आहे. जून २०२० मधल्या एका रविवारी सकाळी ते शिडाची छोटी होडी गाडीच्या टपावर बांधून खडकवासला धरणाच्या फुगवट्यावर गेले. एकटेच. तासाभराने काठाला आले तेव्हा पोलीस उभे होते. भारतीय दंड विधानाचं कलम १८८ (सरकारी अधिकाऱ्याचा आदेश मोडणं) आणि २६९ (रोगाचा संसर्ग पसरू शकेल असं निष्काळजी कृत्य), शिवाय आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५१ लावून गुन्हा नोंदवला गेला. नोटिशीवर सही घेऊन त्यांना घरी सोडलं, होडी नेऊ दिली, शीड मात्र मुद्देमाल म्हणून ठेवून घेतलं. २०२२ मध्ये कर्वेनगरच्या जुन्या पत्त्यावर समन्स गेलं. घरमालकांनी त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. यांनी तो पाहिला आणि सोडून दिला. आता पासपोर्टचं नूतनीकरण पोलीस पडताळणीत अडकलंय, जर्मनीतलं काम हातचं जायची वेळ आलीये. ते विचारतात, ‘पाण्यात एकटा माणूस कोणाला कोरोना देणार होता? व्यायामाला परवानगी होतीच ना? खटला भरायची मुदत टळली नाही का? आता लोकअदालतीत गुन्हा कबूल करून हजार रुपये भरून मोकळा होऊ का?’

नाही. अजिबात भरू नका.

अशी पत्रं मला सतत येतात. पवनेच्या काठी गळ टाकून बसलेले, मुळशीत कयाक घेऊन गेलेले, सिंहगडाच्या पायथ्याला सायकलवर अडवलेले. प्रत्येकाला ती केस काट्यासारखी टोचते आणि प्रत्येकाला दंड भरून सुटायची घाई असते. पण गुन्हा कबूल केला की ती शिक्षा होते. दंड दोनशेचा असो की हजाराचा, नोंद ‘दोषी’ अशीच राहते. व्हिसाच्या अर्जात ‘तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का’ हा प्रश्न आला की उत्तर ‘होय’ असं द्यावं लागतं, आणि ते आयुष्यभर द्यावं लागतं. आज तुमच्यावर फक्त आरोप आहे. तो टिकण्यासारखा आहे की नाही हे न बघताच तुम्ही तो मान्य करायला निघाला आहात.

व्यायामाच्या मुद्द्याबद्दल थोडक्यात सांगते. जून २०२० पासून ‘मिशन बिगिन अगेन’मध्ये, म्हणजे टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवण्याच्या राज्याच्या आदेशांमध्ये, पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळात सायकल, धावणं, चालणं अशा वैयक्तिक व्यायामाला मोकळ्या जागी परवानगी होती हे खरं. पण ती घराजवळच्या जागेपुरती होती, लांबच्या प्रवासाला नव्हती. धरणं आणि पर्यटनस्थळांवर जाण्याला जिल्हाधिकाऱ्यांची वेगळी मनाई होती. शीड हाकणं व्यायामात बसतं का आणि कोथरूडहून खडकवासला जवळ म्हणायचं का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मी तो मुद्दा सोडणार नाही, पण केस त्याच्यावर लढणार नाही.

केस ठरणार आहे ती एका सहीवर.

तुम्ही पाठवलेल्या पानांमध्ये फिर्यादी म्हणून बंदोबस्तावरच्या हवालदारांचं नाव आहे, ‘सरकारतर्फे फिर्याद’ असं लिहिलंय, आणि त्यावर ठाण्यातून दोषारोपपत्र कोर्टात गेलंय. मग ज्यांचा आदेश मोडला असं म्हणतात, त्या जिल्हाधिकाऱ्यांची लेखी तक्रार कुठे आहे? फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९५ सांगतं की कलम १८८ च्या गुन्ह्याची दखल कोर्टाने घ्यायची ती फक्त एका आधारावर: ज्या लोकसेवकाचा आदेश मोडला गेला त्याची, किंवा तो ज्याच्या हाताखाली आहे त्या वरिष्ठाची, कोर्टाला दिलेली लेखी तक्रार. ‘तक्रार’ या शब्दाची व्याख्या त्याच संहितेच्या कलम २ मध्ये आहे आणि पोलिसांचा अहवाल तीत बसत नाही. जिल्हाधिकारी हवालदारांच्या हाताखाली नाहीत. म्हणजे १८८ पुरतं त्या दोषारोपपत्रावर कोर्टाला दखलच घेता येत नव्हती.

ही पळवाट नाही. आदेश काढणाऱ्यानेच विचार करून ठरवावं की हे उल्लंघन खटला भरण्याइतकं आहे का, यासाठी ही तरतूद आहे. २०१० मध्ये तमिळनाडूतल्या धर्मपुरीच्या बस जाळपोळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बाकीच्या गंभीर कलमांखालची शिक्षा कायम ठेवली, पण अशी लेखी तक्रार नसल्यामुळे १८८ चा भाग टिकू दिला नाही. इतक्या भयंकर प्रकरणात जो नियम पाळला गेला, तो एका होडीसाठी पाळला जाऊ नये हे मला मान्य नाही. त्या काळात छापील नमुन्यात फक्त नाव, जागा आणि वेळ भरून फिर्यादी लिहिल्या गेल्या, तशाच त्या कोर्टात आल्या आणि तशीच समन्सं निघाली. तक्रार कुठे आहे हे समन्स काढायच्या आधी विचारलं असतं तर हजारो लोकांची वर्षं वाचली असती. याचा मला खरंच राग येतो.

एक सावधगिरी. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम २१५ मध्ये संबंधित लोकसेवकाने अधिकार दिलेल्या दुसऱ्या लोकसेवकाची तक्रारही चालेल अशी भर घातली आहे. सरकारी वकील ते वाचून दाखवतील. तुमचं प्रकरण त्याआधीच कोर्टात दाखल झालंय, त्यामुळे ते जुन्या संहितेनेच चालायला हवं, आणि जुन्या कलमात ही सोय नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५१ लाही असाच दरवाजा आहे. कलम ६० प्रमाणे दखल घ्यायला राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाची, सरकारची, नाहीतर त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची तक्रार लागते. इथे ‘अधिकार दिलेला अधिकारी’ हे शब्द आधीपासून आहेत. म्हणून त्या पोलीस अधिकाऱ्याला तसा लेखी अधिकार होता का, हे कागद पाहिल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही.

उरलं २६९. त्याला १९५ लागत नाही. पण जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरण्याची शक्यता निर्माण करणारं निष्काळजी कृत्य तरी दिसायला हवं. तुमच्या पंचनाम्यात काय लिहिलंय पाहा: ‘सदर इसम एकटाच पाण्यातून काठाकडे येताना मिळून आला.’ तुम्ही आजारी होता, कोणाच्या संपर्कात आलात, असा एक शब्दही कागदात नाही. तुमच्या बाजूचा सर्वात चांगला पुरावा पोलिसांनीच लिहून ठेवलाय. तरी १८८ गळल्यावर २६९ आपोआप गळतं असं समजू नका. त्यावर स्वतंत्र युक्तिवाद करावा लागेल.

मुदतीचं तुम्ही विचारलंत म्हणून. या तिन्ही कलमांखाली खटला भरायला जुन्या संहितेच्या ४६८ प्रमाणे एक वर्षाची मुदत आहे, आणि सारा मॅथ्यू प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या निकालानुसार ती दोषारोपपत्र कोर्टात दाखल झालं त्या दिवसापर्यंत मोजायची, कोर्टाने दखल कधी घेतली यावर नाही. ई-कोर्ट या न्यायालयांच्या संकेतस्थळावर तुमची दाखल तारीख डिसेंबर २०२१ दिसते, म्हणजे दीड वर्ष झालंय. पण १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला होता आणि सरकार पक्ष त्याचा आधार घेणार. शिवाय कलम ४७३ खाली उशीर माफ करता येतो. मुदतीचा मुद्दा अर्जात जरूर घ्या, भिस्त त्याच्यावर ठेवू नका.

‘सरकारने कोरोनाच्या केसेस मागे घेतल्या ना?’ समन्स बाजूला ठेवण्याचं तुमचं हेच कारण होतं. तसा निर्णय राज्य सरकारने २०२२ मध्ये घेतला, सरकारी नोकरांवर हल्ल्याची प्रकरणं वगळून. पण मंत्रालयात निर्णय झाला म्हणून शिवाजीनगरच्या कोर्टातली फाइल बंद होत नाही. कलम ३२१ खाली सरकारी वकिलांना त्या त्या प्रकरणात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाची संमती लागते. तुमच्या प्रकरणात तसा अर्ज आहे का हे विचारायला एक फेरी पुरली असती. ती तुम्ही मारली नाहीत, आणि आता वॉरंटच्या भीतीने रात्रभर जागताय. वर्तमानपत्रातली बातमी म्हणजे तुमच्या केसमधला हुकूम नव्हे.

आता करायचं काय. सीएनआर क्रमांक, म्हणजे ई-कोर्टवरचा केसचा क्रमांक, तुमच्याकडे आहे. आधी वकिलामार्फत पूर्ण फाइलची सही-शिक्क्याची नक्कल मागा: फिर्याद, दोषारोपपत्र, समन्स काढल्याचा हुकूम, आणि जोडलेली प्रत्येक चिठ्ठी. जिल्हाधिकाऱ्यांची तक्रार कुठेतरी मागच्या पानाला टाचलेली निघाली, तर माझा वरचा सल्ला बराचसा बदलेल. म्हणून नक्कल हातात येईपर्यंत कोणताही अर्ज नको. मात्र पुढच्या तारखेला स्वतः हजर राहा, वॉरंट निघालं असेल तर ते रद्द करून घ्या. गुन्हा कबूल आहे का असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा, बाकी वकील बोलतील.

नक्कलेत जिल्हाधिकाऱ्यांची तक्रार नसेल, तर जुन्या संहितेच्या कलम २५८ खाली अर्ज द्या. तक्रारीवाचून, म्हणजे पोलिसांच्या दोषारोपपत्रावर, सुरू झालेला समन्स खटला (कमी शिक्षेच्या गुन्ह्यांचा, तुमच्यासारखा) प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कोणत्याही टप्प्यावर थांबवता येतो, आणि मुख्य साक्षीदार तपासले जाण्याआधी थांबवला तर आरोपी आरोपमुक्त (‘डिस्चार्ज’) झाल्यासारखाच सुटतो. बरेच वकील सवयीने ‘डिस्चार्ज’चा अर्ज लिहितात. समन्स खटल्यात तशी तरतूद नाही, अर्ज तिथेच पडतो आणि आणखी सहा तारखा जातात. २५८ चा अर्ज फेटाळला, तर मुंबई उच्च न्यायालय आहे. वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागेल, म्हणून सुरुवात तिथून नको.

पासपोर्टचं याच्याबरोबर चालू ठेवा. नुसता गुन्हा नोंदलेला असणं वेगळं आणि कोर्टात खटला प्रलंबित असणं वेगळं. पासपोर्ट कायद्याचं कलम ६(२)(एफ) दुसऱ्याला लागतं, आणि तुमचं दुसऱ्यात मोडतं. त्याच कोर्टाकडून परदेशी जाण्याची परवानगी मिळाली, तर २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे हुकुमात लिहिलेल्या कालावधीचा पासपोर्ट मिळू शकतो. कालावधी लिहिलेला नसेल तर एका वर्षाचाच मिळतो, म्हणून अर्जात कामाच्या कराराची मुदत स्पष्ट मागा.

या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या फॉर्मची. ‘फौजदारी खटला प्रलंबित आहे का’ यापुढे तुम्ही ‘नाही’ लिहिलंत, आणि समन्सचा फोटो दोन वर्षं तुमच्या फोनमध्ये होता. माहिती दडवणं हा पासपोर्ट कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा. म्हणजे होडीच्या केसपेक्षा मोठा. कार्यालयाकडून नोटीस येण्याची वाट पाहू नका. या आठवड्यात स्वतःहून लेखी दुरुस्ती द्या, केस क्रमांक लिहा, पोच घ्या. ते काय भूमिका घेतील ते आज सांगता येत नाही, पण आपण होऊन सांगणाऱ्याला ऐकून घेतलं जाण्याची शक्यता जास्त असते.

आणि तुमचं शीड. इतके पावसाळे ते मुद्देमालाच्या खोलीत पडून आहे. २५८ च्या अर्जात शेवटची मागणी म्हणून ते परत मागा. पंचनाम्यात त्याची नोंद ‘पांढऱ्या कापडाचा मोठा तुकडा, निळ्या दोरीसह’ अशी आहे. अर्जातही अक्षरशः तेच शब्द लिहा. ‘शीड’ लिहिलंत तर मुद्देमाल कारकुनाला रजिस्टरमध्ये ते सापडणार नाही.