लातूरजवळ घराशेजारी ३ गुंठे मोकळे आहेत. पक्षी यावेत म्हणून कोणती देशी झाडं लावू?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "बोर-बाभळ सोडून सांगा, काटे नकोत." तिथंच मी थांबलो.

आमचं रान औशाकडं. विहिरीवर वाकलेली एक बाभळ होती, दर पावसाळ्यात तिला सुगरणीचे खोपे लटकायचे. खाली पाणी, वर काटे, मग साप-मुंगूस कशाला जातोय तिथं! वाटणीत विहीर नि तो बांध धाकट्या भावाकडं गेला. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, या बहाद्दरानं जेसीबी लावून बांध साफ केला. बाभळ, दोन गावठी बोरी, हेकळीची काटेरी जाळी, सगळं एका दिवसात. का, तर सावलीनं सोयाबीनच्या कडंच्या चार ओळी मार खातात.

पाऊस पडला नि सुगरणी आल्या. दोन नरांनी मोटारीच्या वायरीला पाती गुंडाळायला सुरुवात केली. एकाचा खोपा अर्ध्यावर आला, आत गाठी मारलेली नुसती कडी दिसायची. वारं सुटलं नि ती कडी विहिरीत. पुन्हा नाही आले ते.

खरी गंमत पुढं आहे. हिवाळ्यात भाऊ हरभऱ्यात इंग्रजी टीच्या आकाराच्या काठ्या रोवत होता. एकरी वीस पक्षिथांबे, कोतवाल बसतो नि घाटेअळी खातो. सल्ला चांगलाच आहे. पण काठ्या कशाच्या, तर त्याच बाभळीच्या! मी बोललो तर म्हणतो, "दादा, काठीला सावली नसती."

तर तुमचं. गुलमोहर, निलगिरी डोक्यातून काढा. कोपऱ्यात गावठी बोर लावाच. बोरं बुलबुल खातात, काट्याच्या आडोशाला होला घरटं करतो, खाटीक पक्षी काट्याला नाकतोडे टोचून ठेवतो. नर्सरीत कलमी ॲपल बोर गळ्यात मारतील, घेऊ नका. आठोळी हलकी फोडून जूनमध्ये जागेवरच टोकायची, सोटमूळ खाली जाऊ द्यायचं. बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यातलं गोळा करा, ते लवकर उगवतं. पांगाऱ्याची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडाला रोवली की फुटते. फाल्गुनात पान नसतं नि झाड लालभडक, परतीला निघालेल्या भोरड्या (गुलाबी मैना) त्यावर नुसता कालवा करतात. त्यालाही काटे असतात, सावरीलाही असतात. आता काय करता!

काटा अजिबातच नको तर कडुलिंब लावा. लिंबोळ्यांना कोकीळ, साळुंक्या येतात. उंबर तर उत्तमच, पण भिंत नि पाण्याच्या टाकीपासून लांब. पहिले दोन उन्हाळे पाणी घालावं लागतं, त्याशिवाय यातलं काहीच जगत नाही. आणि भावाचं अगदीच खोटं नव्हतं हेही सांगतो: बाभळीखाली पीक मार खातं, ट्रॅक्टरचं टायर पंक्चर होतं. घरात रांगतं पोर असेल तर बोर वाटेपासून दूरच लावा.

त्याच पावसाळ्यात मी बांधाच्या माझ्या अंगाला बाभळीचं बी टाकलं होतं. आता एक फांदी विहिरीवर गेलीय, यंदा तिला तीन खोपे आहेत. विहीर त्याची, फांदी माझी.