पायथन नसलेल्या व्यक्तीला पायथनची स्क्रिप्ट कशी द्यावी?

प्रश्न असा आहे की, आपण पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, अशा व्यक्तीला द्यायची आहे जिच्या संगणकावर पायथन नाही आणि जिचा प्रोग्रामिंगशी काही संबंध नाही. तिला काहीही इन्स्टॉल करायला न लावता हे कसे साधेल, आणि ती मॅक वापरत असेल तर काय फरक पडेल? यावर हमखास मिळणारे उत्तर म्हणजे "त्यांना पायथन टाकून घ्यायला सांगा, पाच मिनिटांचे काम आहे." २०२१ मध्ये हेच वाक्य मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ऐकवले होते. मी ते मान्य केले आणि त्याचा त्रास माझ्या मावशीला झाला, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

मावशीकडे तीन कॅमेरे आणि दोन फोन यांतून वर्षानुवर्षे जमलेले कुटुंबाचे फोटो होते. प्रत्येक कॅमेऱ्याची मोजणी एकपासून सुरू होत असल्यामुळे एकाच नावाच्या अनेक फाइली झाल्या होत्या, आणि सगळे फोटो काढल्याच्या तारखेप्रमाणे क्रमाने लावावेत अशी तिची इच्छा होती. फोटोच्या फाइलमध्येच एक्झिफ नावाची नोंद असते आणि तीत कॅमेऱ्याचे मॉडेल, फोटो काढल्याची तारीख व वेळ हे सगळे असते. पिलो या लायब्ररीने (पायथनला जोडता येणारा तयार कोड) ती नोंद वाचून फाइलला तारखेचे नाव देणारी सुमारे नव्वद ओळींची स्क्रिप्ट मी लिहिली. माझ्या संगणकावर ती उत्तम चालली.

सहकाऱ्यांच्या सल्ल्याप्रमाणे मी मावशीला फोनवरून पायथन टाकायला सांगू लागले. तिच्या संगणकावर विंडोज ७ होते आणि पायथनची ३.९ पासूनची आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही, त्यामुळे नव्या आवृत्तीच्या इन्स्टॉलरने पहिल्याच पायरीवर नकार दिला. मग ३.८ शोधून उतरवून घेतली. इन्स्टॉलरच्या पहिल्या खिडकीत अगदी तळाशी, पायथनचा पत्ता पाथमध्ये, म्हणजे विंडोज जिथे प्रोग्राम शोधते त्या जागांच्या यादीत, घालायचा का असे विचारणारी चौकट असते आणि ती आपोआप टिक झालेली नसते. मावशीने साहजिकच वरचे मोठे बटण दाबले. परिणामी आज्ञा टाइप करण्याच्या काळ्या खिडकीत पायथनची प्रत्येक आज्ञा ओळखता येत नसल्याचा संदेश येऊ लागला. पुन्हा इन्स्टॉल, मग पिलो, मग पिलोची भलतीच आवृत्ती. दोन संध्याकाळी यात गेल्यावर ती म्हणाली, "राहू दे गं, तुला तुझी कामं असतात. मी बसून एकेक नाव बदलीन." तिच्या आवाजातला संकोच मला अजून आठवतो. दोष माझ्या तयारीचा होता आणि ती तो स्वतःकडे घेत होती.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "ज्याला पायथन टाकता येत नाही, त्याला स्क्रिप्टची गरजच नसते." त्या वेळी मला उत्तर सुचले नाही.

मग मी पायइन्स्टॉलर वापरले. ते तुमची स्क्रिप्ट, पायथनचा इंटरप्रिटर (स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्राम) आणि लागणाऱ्या लायब्रऱ्या एकत्र बांधून देते, म्हणजे समोरच्याच्या संगणकावर पायथन असण्याची गरज उरत नाही. ते दोन प्रकारे बांधते: सगळे सुटे ठेवलेला एक फोल्डर, किंवा सगळे कोंबलेली एकच ईएक्सई, म्हणजे विंडोजवर थेट चालणारी, फाइल. एक फाइल देखणी वाटते म्हणून मी तोच प्रकार निवडला, मावशीच्या विंडोज ७ साठी मुद्दाम पायथन ३.८ वर बांधला आणि तिला पाठवला. ईमेलने ती फाइल स्वीकारली नाही. सामायिक ड्राइव्हवरून पाठवली तर अँटिव्हायरसने उतरताक्षणी उचलून बाजूला टाकली. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पायइन्स्टॉलरने बांधलेल्या प्रत्येक प्रोग्रामच्या तोंडाशी तोच एक छोटा प्रारंभक असतो. घातक प्रोग्राम लिहिणारेही हेच साधन वापरत असल्यामुळे अँटिव्हायरसला तो प्रारंभक संशयास्पद वाटतो. त्यातही एक-फाइलचा प्रकार स्वतःला तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडून मग चालतो, आणि स्वतःला उलगडणारी फाइल ही तशीही संशयाची बाब असते. अशा वेळी "अँटिव्हायरस बंद करा" असे समोरच्याला कधीही सांगू नये. मी त्या अँटिव्हायरसच्या कंपनीला खोटा इशारा म्हणून फाइल कळवली, आणि काही दिवसांनी ती अडवली जाणे थांबले.

फाइल अखेर चालली, आणि खरे नुकसान तिथे झाले. मावशीच्या तीनपैकी एका कॅमेऱ्याचे घड्याळ बॅटरी काढल्यावर मूळ तारखेवर गेले होते आणि ते कोणीच पुन्हा लावले नव्हते. त्यामुळे त्या कॅमेऱ्याच्या सहाशे चाळीस फोटोंना चुकीच्या वर्षाची नावे मिळाली. मला चिंता वाटली नाही, कारण जुने नाव आणि नवे नाव यांची जोडी एका नोंदफाइलीत लिहिण्याची व्यवस्था मी केली होती. ती वाचून सगळे पूर्ववत करता आले असते. पण ती नोंदफाइल कुठेच सापडेना. स्क्रिप्ट ज्या जागी आहे त्याच जागी नोंद लिहावी असे मी लिहिले होते, आणि एक-फाइलच्या प्रकारात स्क्रिप्टची जागा म्हणजे तो तात्पुरता फोल्डर, जो प्रोग्राम संपताच पुसला जातो. नोंद लिहिली गेली होती आणि त्याच क्षणी नष्टही झाली होती.

मावशीकडे एक वही होती. प्रत्येक फोटोच्या जुन्या क्रमांकासमोर त्यात कोण कोण आहे हे तिने हाताने लिहून ठेवले होते, आणि त्यातली काही माणसे आता फक्त तिलाच ओळखू येतात. नावे बदलल्यामुळे वही आणि फोटो यांचा दुवाच तुटला. ती मला एक शब्दही लावून बोलली नाही, तिने फक्त वही माझ्याकडे पाठवली. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असले तरी ते पुढेच चालत होते, म्हणजे फोटोंचा आपसातला क्रम खरा होता. मॉडेलप्रमाणे फोटो वेगळे काढून, वेळेच्या क्रमाने लावून, वहीतल्या क्रमांकांशी एकेक जुळवत मी तीन रविवारी तो दुवा पुन्हा उभा केला. मधले काही फोटो पूर्वीच पुसलेले असल्यामुळे प्रत्येक रिकाम्या क्रमांकापाशी थांबून मावशीला फोन करावा लागत होता.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: एक फाइल देऊ नका, फोल्डर द्या. तो लवकर सुरू होतो, कारण प्रत्येक वेळी उलगडावा लागत नाही. अँटिव्हायरसची कटकट कमी होते. आणि काही बिघडले तर आत काय आहे ते पाहता येते. बांधलेला प्रोग्राम आपली जागा शोधताना स्क्रिप्टच्या पत्त्यावर विसंबू नये, चालू असलेल्या ईएक्सईचा पत्ता घ्यावा. नोंदफाइल तर ज्या फोल्डरवर काम चालले आहे तिथेच लिहावी. संपूर्ण काम त्रुटी पकडणाऱ्या वेष्टनात ठेवावे, त्रुटी नोंदफाइलीत लिहावी आणि खिडकी बंद होण्यापूर्वी एंटर दाबण्याची वाट पाहावी. नाहीतर समोरच्याला काळी खिडकी लुकलुकून नाहीशी झालेली दिसते आणि तो तुम्हाला काहीच सांगू शकत नाही. बांधणी नेहमी नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पायथनच्या वेगळ्या, कोऱ्या मांडणीत, लागतील तेवढ्याच लायब्रऱ्या घेऊन करावी. आणि पाठवण्यापूर्वी ज्यावर पायथन कधीच नव्हते अशा संगणकावर चालवून पाहावी. विंडोज १० प्रोपासून मिळणारा विंडोज सँडबॉक्स (विंडोजच्या आत उघडणारे तात्पुरते वेगळे विंडोज) यासाठी पुरेसा आहे, कारण तो दर वेळी कोरा उघडतो.

आज मी विंडोजसाठी पायइन्स्टॉलरही क्वचितच वापरते. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावर विंडोजसाठी "एम्बेडेबल" नावाची एक छोटी झिप मिळते. ती इन्स्टॉल करावी लागत नाही, नुसती उलगडायची असते. त्या फोल्डरमध्ये आपली स्क्रिप्ट ठेवायची, लायब्रऱ्या एका उपफोल्डरमध्ये भरून त्याचे नाव तिथल्या पीटीएच फाइलीत (लायब्रऱ्या कुठे शोधायच्या ते पायथनला सांगणारी फाइल) लिहायचे, आणि स्वतःच्याच फोल्डरचा पत्ता धरून पायथनला हाक मारणारी एका ओळीची बॅच फाइल जोडायची. त्यात लायब्रऱ्या उतरवून देणारे पिप नसते, म्हणून लायब्रऱ्या आपल्या संगणकावरून, त्याच आवृत्तीच्या आणि तितक्याच बिटांच्या पायथनसाठी आणाव्या लागतात. खिडक्या-बटणांसाठी लागणारे टीके-इंटरही त्यात नाही. पण त्यातली पायथनची ईएक्सई पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने स्वाक्षरी केलेली असते, त्यामुळे अँटिव्हायरस तिच्याकडे सहसा वक्रदृष्टीने पाहत नाही. समोरच्याने आपला फोल्डर उचलून बॅच फाइलवर सोडला की त्याचा पत्ता स्क्रिप्टला आपोआप मिळतो. मावशीला मी एवढेच शिकवले आणि ते एका वाक्यात सांगून झाले.

मॅकचे म्हणाल तर फरक पडतो. पायइन्स्टॉलर ज्या प्रणालीवर चालवाल त्याच प्रणालीसाठी बांधते, म्हणजे मॅकसाठी मॅकच लागतो, आणि २०२० च्या अखेरीपासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपचा प्रश्न त्यात आणखी वेगळा असतो. स्वाक्षरी आणि ॲपलची मान्यता नसलेला प्रोग्राम मॅकमधली गेटकीपर ही सुरक्षा-व्यवस्था अडवते. स्क्रिप्ट फक्त एखादी फाइल वाचून काही काढून देणारी असेल, तर पायोडाइडचा विचार करावा. २०१८ मध्ये मोझिलात सुरू झालेल्या या प्रकल्पाने पायथनचा इंटरप्रिटरच ब्राउझरमध्ये चालवता येतो आणि फाइल समोरच्याच्या संगणकाबाहेर जात नाही.

आता त्या सहकाऱ्यांच्या वाक्याकडे येते. पायथन टाकणे पाच मिनिटांचे आहे हे ज्याने ते पन्नास वेळा टाकले आहे त्याच्यापुरतेच खरे आहे. ज्या माणसाला स्वतः स्क्रिप्ट लिहिता येते तो आपली वाट काढू शकतो; स्क्रिप्टची सर्वाधिक गरज ज्याला ती लिहिता येत नाही त्याला असते, आणि नेमक्या त्याच माणसाला ते गरज नसलेला ठरवत होते. आपण पायथन निवडले ते आपल्या सोयीसाठी. त्या निवडीचा भार मावशीने उचलावा हे तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहे, हे त्यांना त्याच दिवशी सांगायला हवे होते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. काम एकदाच करायचे असेल तर स्क्रिप्ट देऊच नका, फाइली मागवून घ्या आणि निकाल परत पाठवा. समोरच्याचा संगणक कार्यालयाचा असेल तर तिथल्या तंत्र विभागाची परवानगी घेतल्याशिवाय कोणतीही ईएक्सई पाठवू नका. आणि बांधलेल्या प्रोग्राममध्ये पासवर्ड दडवता येतो असे समजू नका. त्यातून मूळ मजकूर काढणारी साधने सहज मिळतात, आणि पायइन्स्टॉलरने स्वतःचा कूटबद्ध करण्याचा पर्यायही सहाव्या आवृत्तीत काढून टाकला आहे.

गेल्या महिन्यात मावशीने विचारले की, चुकीचे घड्याळ असलेल्या कॅमेऱ्यासाठी किती दिवस पुढे मोजायचे ते तिला स्वतः लिहिता येईल का. मी स्क्रिप्टमध्ये तेवढी सोय केली आणि बदललेली स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटी मजकूर-फाइल, तिला पाठवली. तिने ती फोल्डरमधल्या जुन्या फाइलीच्या जागी ठेवली, बाकी काही बदलावे लागले नाही, आणि वहीत आता जुन्या क्रमांकाशेजारी नव्या नावाचा एक रकाना आखलेला आहे.