तयार प्रोजेक्ट नको म्हणून मुलगी रडली, यात काळजीचं काही नाही

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो, खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. मुलगी टीवायबीएला आहे, विषय समाजशास्त्र. दुसऱ्या वर्षाला ७१ टक्के होते. आता प्रोजेक्ट आहे, त्यासाठी तिने घरकाम करणाऱ्या बायकांच्या सरकारी योजना हा विषय घेतलाय. महिना झाला, रात्री एक-एक वाजेपर्यंत लॅपटॉपवर असते, पण एक पान लिहून झालेलं नाही. खरंच अभ्यास करते का, हे कळावं म्हणून मी रोज तिची हिस्टरी बघतो. ठाण्यात एक जण तयार प्रोजेक्ट करून देतो. तो घेऊन देतो म्हटलं तर रडायला लागली, दोन दिवस धड बोलली नाही. तिला पुढे सोशल पॉलिसीत एमए करायचंय. माझं म्हणणं, एमपीएससी दे, नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. कृपया चार-पाच खात्रीच्या वेबसाइट सांगा. शक्यतो सरकारीच सांगा, संस्थांचे पैसे देऊन काढलेले आकडे नकोत. एकदाचं हे प्रोजेक्ट संपू दे. — एक पालक

नमस्कार. तुमच्या पत्रात गुण, परीक्षा, वेबसाइट सगळं आहे, पण मला काळजी वाटली ती ‘रोज तिची हिस्टरी बघतो’ या वाक्याची. आधी त्याबद्दल बोलते.

तुमची मुलगी सज्ञान आहे. तिने रात्री काय वाचलं हे सकाळी वडील तपासतात, हे तिला माहीत नसेल असं समजू नका. मुलांना कळतं. आणि आपल्यावर नजर आहे हे कळलं की माणूस शोधणं सोडून शोधल्यासारखं दाखवायला लागतो. घरकामगारांच्या मोर्चातलं भाषण, कुणा बाईची मुलाखत, एखादं जुनं पत्रक हे सगळं तिच्या विषयाला लागणारंच आहे. पण ‘बाबांना हे टाइमपास वाटेल’ म्हणून ती ते उघडणारच नाही. हिस्टरीत एकाच अहवालाचं नाव आठ वेळा दिसलं, तर तुम्हाला वाटणार पोरगी एकाच जागी घुटमळतेय. घुटमळतच असते ती. तीनशे पानांच्या अहवालातला एक तक्ता समजायला परत परत तिथेच यावं लागतं, हे काम असंच होतं. तेव्हा हिस्टरी बघणं आजपासून बंद करा आणि तिला तसं तोंडाने सांगा. मनातल्या मनात बंद केलेलं तिला कळणार नाही.

आता तयार प्रोजेक्ट. तुम्ही अकाउंट्समधले आहात. व्हाउचर नसलेली एंट्री तुम्ही पास कराल का? विकत घेतलेलं प्रोजेक्ट म्हणजे व्हाउचरच नसलेलं अख्खं खातं. ते परीक्षकाने पकडलं तर तिचं वर्ष अडचणीत येईल. पकडलं नाही, तर घरातल्यांनीच तिला शिकवलेलं असेल की काम विकत मिळतं. तुम्ही चांगल्या हेतूने म्हणालात हे मला कळतं. पण ती रडली ते आळसामुळे नाही. एवढ्या मन लावून चाललेल्या कामाची किंमत घरात शून्य आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. संशोधनात जायची इच्छा असलेली मुलगी उसन्या आकड्यांना नकार देते, यापेक्षा चांगली खूण मला तरी माहीत नाही. तिची माफी मागा, असं मी स्पष्टच सांगते.

‘सरकारी तेवढं खात्रीचं, संस्थेचं ते विकत घेतलेलं’ हा समज मात्र खोडायलाच हवा, कारण तो घेऊन तुमची मुलगी पुढे गेली तर नेमकी तिथेच फसेल. आपल्याच जिल्ह्याचं घ्या. २०११च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर आहे. आकडा सरकारी आहे, बरोबरही आहे. पण त्यात आजचा पालघर धरलेला आहे, कारण पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१५-१६ची चौथी फेरी जुन्या, म्हणजे २०११च्या जिल्ह्यांवर झाली. पाचव्या फेरीत पालघर वेगळा मोजला. या दोन फेऱ्यांतले ‘ठाणे’ शेजारी-शेजारी मांडून कुपोषण किती बदललं ते लिहिलं, तर पालघरमधल्या जव्हार-मोखाड्याची मुलं हिशोबातून निघून गेली, एवढाच बदल आपण मोजलेला असू शकतो. त्याच पाचव्या फेरीवर २०१९-२१ असं छापलंय, पण महाराष्ट्रातलं सर्वेक्षण २०१९च्या उत्तरार्धातच उरकलं होतं, त्यामुळे कोविडचा इथल्या घरांवर काय परिणाम झाला हे त्यातून सांगता येत नाही. उलट ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे मोजणारा ‘असर’ अहवाल काढते. मुलांना काय वाचायला दिलं, गावं कशी निवडली, हे सगळं ती उघड छापते आणि केंद्राच्या आर्थिक पाहणीतही त्याचे दाखले येतात. पण ‘असर’ ग्रामीण भागापुरता आहे. आपल्या शहरी दिघ्यातल्या शाळेबद्दल तो काही सांगत नाही. म्हणजे साइट कुणाची यावर ठरत नाही. कुणी मोजलं, कुणाला मोजलं, कधी मोजलं आणि कसं मोजलं हे दाखवलंय का, हे बघायचं.

म्हणून चार-पाच वेबसाइटची यादी मी देत नाही. ती तुमच्या हातात आली की तिच्या टेबलावर ‘आता यातून लिही’ म्हणून पडेल. त्याऐवजी तिच्या विषयाबद्दल चार गोष्टी सांगते, त्या तिला वाचायला द्या.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८चा आहे. मूळ कायदा आधी वाचायचा, त्यावरची बातमी नंतर. योजनेचं सरकारी पान काय द्यायचं ठरलंय ते सांगतं, किती जणींच्या हातात पडलं ते सांगत नाही. असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवरची नोंदणी म्हणजे लाभ नव्हे, हा फरक विद्यार्थी हमखास विसरतात. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११चा आहे आणि भारताने तो अजून मंजूर केलेला नाही.

२०१७-१८ पासून होणाऱ्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात तर तिने नीट शिरावं. तिथे आठवड्याच्या हिशोबात सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलेली व्यक्तीही कामावर धरतात. वर्षाच्या हिशोबात दुय्यम काम धरायला किमान तीस दिवस लागतात. आता सेक्टर पाचमध्ये दोन घरची भांडी करणारी बाई डोळ्यांसमोर आणा. ‘काय करता?’ या प्रश्नाला ती ‘घरीच असते’ म्हणाली आणि विचारणाऱ्याने पुढे खोदून विचारलं नाही, तर ती आकड्यात येईल का? तक्त्यातला आकडा लिहून घेण्याआधी शेवटच्या परिशिष्टातली प्रश्नावली उघडायची ती यासाठी. बातमीत ‘एका अहवालानुसार’ दिसलं की तो अहवाल शोधायचा, नमुना कसा निवडला ते प्रकरण वाचायचं, मगच वाक्य लिहायचं.

शोधगंगावर देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात, मराठीतलेही. प्रबंध पटला नाही तरी त्याची संदर्भसूची कामाला येते. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे लेख विकत घेण्याआधी कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारावं, कारण कॉलेजने कशाकशाची वर्गणी भरलीय हे मुलं विचारतच नाहीत. नावात ‘इंटरनॅशनल जर्नल’ आहे, लेखकाकडून पैसे घेतं आणि आठवड्यात छापतं, असल्या नियतकालिकातला लेख सोडून द्यावा. यूजीसीची मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादीही २०२५मध्ये बंद झाली, त्यामुळे पारख आता स्वतःलाच करावी लागते. आणि चॅटबॉटने दिलेला संदर्भ प्रकाशकाच्या पानावर सापडला नाही, तर तो लेख अस्तित्वातच नाही असं धरून चालावं.

एक बोल तिलाही लावते. महिन्याभरात एक पान नाही, हे बरोबर नाही. विषय फार पसरट घेतलाय. ‘योजना’ नको, ‘दिघा-ऐरोलीतल्या घरकामगारांना मंडळात नोंदणी करताना कुठे अडतं’ एवढंच घ्यावं. दहा-बारा जणींशी त्यांची परवानगी घेऊन बोलावं आणि रोज रात्री झोपण्याआधी अर्धं पान कच्चं का होईना लिहावं.

परीक्षांचं थोडक्यात. एमपीएससी राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झालीय, तेव्हा ही वाचायची-मांडायची सवय तिथेही वाया जात नाही. बँकेसाठी तिचा कल मला पत्रात कुठे दिसला नाही. एमएसाठी टाटा समाजविज्ञान संस्थेत सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेतून प्रवेश होतात, अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघतात. आयआयटी मुंबईतही सार्वजनिक धोरणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. सुरुवातीचा पगार कमी असतो, हे लपवत नाही. पहिली दोन-तीन वर्षं घरून आधार लागेल. तो तुम्ही देऊ शकता की नाही, हे तिच्याशी आकड्यांत बोला.

एका रविवारी नाही, कामाच्या दिवशी रजा टाकून तिच्याबरोबर गोवंडीला जा. वाशीहून दुसरं स्टेशन. टाटा संस्था देवनारलाच आहे आणि कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थाही तिथेच. तिथे शिकणाऱ्या मुलांशी तिला बोलू द्या, तुम्ही थोडं मागे थांबा.

आणि पुढचं पत्र तिचं येऊ दे. तिचा प्रश्न एका वाक्यात, आणि कुठल्या अहवालाच्या कुठल्या पानावर अडलीय ते. त्याला मी सविस्तर उत्तर देईन.