पणजीला काय यायचं?

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

शाळेच्या वंशवृक्षात तू प्रत्येकाच्या नावाखाली शिक्षण लिहीत होतीस. आजोबा बी.एस्सी., आजी सातवी, आणि पणजीची चौकट रिकामी. मग तू विचारलंस, "आई, आपल्याकडच्या जुन्या बायका शाळेतच गेल्या नाहीत, तर त्यांना नक्की यायचं तरी काय?" प्रश्न चांगला आहे. उत्तर जेवता जेवता देण्यासारखं नाही, म्हणून लिहून देते.

त्यासाठी आधी तुला केराबाईंबद्दल सांगते. त्या आपल्या नात्यातल्या नाहीत. पण पणजीच्या गावापासून त्यांचा मुलूख फार लांब नाही, आणि पणजीला जे यायचं तेच त्यांनाही येतं. फरक इतकाच, की केराबाईंचं रेडिओवरून ऐकू येतं.

साताऱ्यात म्हसवड नावाचं गाव आहे, माण तालुक्यात. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वर आहे, जिथे पावसाळ्यात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. पण ढग सगळं पाणी घाटावर ओतून मोकळे होतात आणि पूर्वेकडे माणदेशात पोचेपर्यंत त्यांच्यात काही उरत नाही. म्हणून तिकडे ज्वारी-बाजरी, शेळ्या-मेंढ्या, आणि पाऊस दगा देणार हे धरूनच आखलेला संसार.

या म्हसवडमध्ये १९९७ साली बायकांनी स्वतःची बँक काढली, माणदेशी महिला सहकारी बँक. चेतना गाला सिन्हा या मुंबईत वाढलेल्या, लग्नानंतर म्हसवडला आलेल्या बाईंनी पुढाकार घेतला होता. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेने परवानगी नाकारली, कारण अर्जावर सह्यांच्या जागी अंगठे होते. बायका घरी गेल्या, लिहा-वाचायला शिकू लागल्या आणि पुन्हा गेल्या. साहेबांना म्हणाल्या, आम्हाला कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता सांगायला लावा. परवाना मिळाला. चिऊ, हिशोब त्यांना आधीपासूनच येत होता. बाजारात कोंबडी विकणाऱ्या बाईला तो यावाच लागतो.

याच बायकांच्या संस्थेने २००८ साली रेडिओ सुरू केला, माणदेशी तरंग, ९०.४. तू गाडीत ऐकतेस तसला मोठा रेडिओ नव्हे हा. याला सामुदायिक रेडिओ म्हणतात. आवाज जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर जातो, म्हणजे आजूबाजूची गावं आणि वाड्या-वस्त्या. आधी असा छोटा रेडिओ आपल्या देशात फक्त शिक्षणसंस्थांना काढता यायचा. २००६ साली नियम बदलला आणि गावात काम करणाऱ्या संस्थांनाही मुभा मिळाली. नियमातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे निदान निम्मे कार्यक्रम तिथल्याच माणसांना घेऊन केलेले असावे लागतात. २००८ सालीच ऑक्टोबरमध्ये, आता तेलंगणात असलेल्या माचनूर गावी दलित शेतकरी बायकांनी 'संघम रेडिओ' सुरू केला. तिथे माइकपुढे बसणाऱ्या नरसम्माही अशाच रानात राबणाऱ्या घरातल्या.

आता केराबाई. त्या रेडिओ केंद्रावर आल्या तेव्हा त्यांना विचारलं गेलं, लिहिता येतं का, वाचता येतं का. नाही, म्हणाल्या. मग इथे काय करणार? तर म्हणाल्या, मी गाते. त्यांच्या लेखी त्यात अवघड काही नव्हतंच. आणि त्या गायला लागल्या. पुढे त्या केंद्राच्या लाडक्या निवेदिका झाल्या. आजही लोक त्यांना आरजे केराबाई म्हणून ओळखतात.

इथे जरा थांबून विचार कर. निवेदिकेच्या हातात कागद असतो असं आपण धरूनच चालतो. आकाशवाणीवरच्या बायका किती शुद्ध, किती नेमकं बोलायच्या! मी त्यांच्या आवाजावर वाढले आणि मला तो आवाज अजून आवडतो. पण आमच्या घरात कुणीच तसं बोलत नव्हतं. पणजीसुद्धा 'हाय' आणि 'न्हाई' म्हणायची. तिच्यासारखं बोलणारी बाई रेडिओवर असू शकते, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने पदर तोंडाला लावून हसून घेतलं असतं. केराबाईंनी ते करून दाखवलं.

मग हे गाणं येतं कुठून? जात्यावरून. तुला जातं दाखवलं होतं, आठवतं? दोन गोल दगड, वरच्याला खुंटा. पूर्वी बायका पहाटे, कोंबडा आरवायच्या आधी दळायला बसायच्या. उजव्या हाताने खुंटा ओढायचा, डाव्या मुठीतलं धान्य थोडं थोडं जात्याच्या तोंडात सोडायचं. काम जड असायचं, म्हणून बहुतेक वेळा समोरासमोर दोघी बसायच्या आणि म्हणायच्या ओव्या. ओळ एकीने उचलायची, दुसरीने धरायची. दगडाच्या फेऱ्यावर ओळीची लांबी ठरायची, म्हणून ओळ पुन्हा पुन्हा घोळवली जायची. त्या घोळवण्यात पुढची ओळ सुचायची. 'पहिली माझी ओवी' म्हणून देवाला नमस्कार करायचा, मग दुसरी, तिसरी, आणि मनातलं सगळं बाहेर. विठ्ठल यायचा, सीतेचा वनवास यायचा, माहेरचा भाऊ यायचा, आणि दिवसभर जिच्यापुढे ब्र काढता येत नसे ती सासूही यायची. अंधारात दगडाच्या घरघरीत सून जे बोलायची त्याला कुणी अडवत नसे.

मी लहान असताना पीठ गिरणीतून यायचं, पण डाळी भरडायला पणजी जात्यावरच बसायची. खुंट्याला माझाही हात लावू द्यायची. एकदा एका ओवीत तिने माझं नाव घातलं. ती ओवी मला आठवत नाही, पण नाव ऐकून मी खुंटा सोडून दिला होता आणि ती रागावली होती, हे पक्कं आठवतं. लग्नाआधी आपल्याकडे जात्याची पूजा करतात, ती याच कारणाने मला महत्त्वाची वाटते.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या दोघांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख, चिऊ! आणि त्या रचणाऱ्यांतल्या बहुतेकींना सही करता येत नव्हती. सुचलं की म्हणायचं, आवडलं तर शेजारणीने उचलायचं, तिने आपल्या लेकीला द्यायचं. नाव कुणाचंच लागायचं नाही. मला याचं वाईट वाटतं. म्हणून केराबाईंचं नाव रेडिओवर घेतलं जातं याचा मला फार आनंद आहे.

नुसत्या गोड गळ्याची ही गोष्ट आहे असं मात्र समजू नकोस. २०१२च्या सुमारास माणदेशात फार मोठा दुष्काळ पडला. केराबाई बँकेत दागिने गहाण ठेवायला आल्या. जनावरांना चारा-पाणी घ्यायचं होतं. आणि त्यांनी चेतनाताईंना सरळ विचारलं, की पाणीच नाही तर आम्ही जनावरं जगवायची कशी? बाकीच्या योजना घेऊन काय करायचं? त्या प्रश्नातून म्हसवडला चारा छावणी उभी राहिली. हजारो जनावरं आणि त्यांची माणसं तिथे येऊन राहिली, आणि छावणी जवळजवळ दीड वर्ष चालली. अंगावरच्या सोन्याआधी गाय वाचवायची हे ज्या बाईला कळतं, तिने रेडिओवर पाण्याबद्दल गाणं म्हटलं तर गाव ते कान देऊन ऐकणारच. बाहेरून आलेल्या हुशार माणसाच्या भाषणाला तेवढा कान मिळत नाही.

म्हणून वंशवृक्षातली पणजीची चौकट रिकामी ठेवू नकोस. तिथे लिही: ओव्या रचायची, तोंडी हिशोब करायची, दुष्काळात चार जनावरं जगवली. बाईंनी विचारलं तर हे शिक्षण कसं, ते तू त्यांना सांग. केराबाईंचं सांगितलंस तरी चालेल.

आणि शनिवारी आजीला फोन लावू. "ओवी म्हण" म्हणालीस तर ती "आता कुठं आठवतंय" म्हणून टाळेल. तू तिला भावावरची म्हणायला सांग. तिचे तीन भाऊ आहेत, मग ती लवकर थांबायची नाही. रेकॉर्डिंग आधीच सुरू करून ठेव, आणि मध्ये बोलू नकोस.

तुझी,
आई