आधी एक बादली पाणी ठेवा

प्रश्न : ताई, आम्ही गोरेगावला दुसऱ्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये राहतो. मुलगा आठवीत आहे. त्याला क्लाउनफिश आणि प्रवाळ असलेली खाऱ्या पाण्याची टाकी हवी आहे. दुकानदाराने सम्प, प्रोटीन स्किमर, कॅल्शियम रिअ‍ॅक्टर, यूव्ही, डोसिंग पंप, चिलर अशी यादी दिली. आकडा ऐकून घाम फुटला. माझा भाऊ म्हणतो, दगड, पाणी हलवणारा पंप आणि दिवा एवढ्यावर भागतं. खरं कोणाचं?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : भावाचं. फक्त त्या यादीतली एक वस्तू त्यांनी खोडायला नको होती, आणि नेमकी तीच खिशाला जड आहे. तिच्याकडे येतेच.

माझी टाकी दादरच्या घरात 19 वर्षं आहे. तीन फुटी, 140 लिटरची. सम्प (टाकीखालची गाळणीची दुसरी टाकी) नाही, रिअ‍ॅक्टर नाही, यूव्ही (पाण्यातले जंतू मारणारा दिवा) नाही. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केल्यामुळे मोजमापाची सवय होती, पैसे नव्हते.

अशी साधी टाकी ही काही माझी हुशारी नव्हे. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्येच आपल्या टाक्यांबद्दल लिहिलं होतं : समुद्रातले जिवंत दगड, ऊन आणि हवेचे बुडबुडे, बस. राबत होते ते दगडांवरचे जीवाणू. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दगडाच्या पोटात ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथले दुसरे जीवाणू त्या नायट्रेटचा वायू करून सोडून देतात. एंग यांच्या हाताशी समुद्र होता. तसा तो आपल्याही आहे म्हणा, पण चौपाटीवरून बादली भरून आणायचा विचारसुद्धा नको. मिठी नदी माहीमला काय काय घेऊन येते ते आपण रोज बघतो.

जिवंत दगडांचं मात्र जपून. ते बहुतेक वेळा प्रवाळाचेच तुकडे असतात, आणि कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या पंगतीत. मेलेला तुकडासुद्धा चालत नाही. दुकानदार ‘इम्पोर्टेड आहे’ म्हणाला तर कागद मागा. कागद नसला तर उठून या. (आपल्या हाजी अली-वरळीच्या खडकांवरही प्रवाळ आहेत, हे पुष्कळांना 2020 मध्ये कळलं, कोस्टल रोडसाठी ते हलवावे लागले तेव्हा. एवढ्या गढूळ पाण्यात ते जगतात, याचं मला अजून नवल वाटतं.) तुम्ही सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले सच्छिद्र दगड घ्या. त्यांच्यावर जीवाणू बसायला चार-सहा आठवडे लागतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत मासा आणायचा नाही, मुलाने कितीही तोंड पाडलं तरी.

कायद्यामुळे कठीण प्रवाळ टाळले की यादी आपोआप आखडते. कॅल्शियम रिअ‍ॅक्टर आणि डोसिंग पंप ही कॅल्शियम पुरवणारी यंत्रं लागतात ती कठीण प्रवाळांची दाटी असेल तर. तुम्ही बिलासकट मशरूम, लेदर, झोअँथिड असे मऊ प्रकार आणलेत, तर त्यांची कॅल्शियमची भूक बेताची. झोअँथिडला हात लावताना हातमोजे घालाच, आणि ते चिकटलेला दगड कधी उकळू किंवा घासू नका. काहींमध्ये भयंकर विष असतं. कॅल्शियम वाढवायला शौकीन लोक जे ‘काल्कवासर’ घालतात ती आपली चुन्याची निवळीच असते. पण पानाच्या डबीतला चुना नको, आणि तुम्हाला तूर्त तिची गरजही नाही.

प्रोटीन स्किमर म्हणजे काय? पावसाळ्यात चौपाटीवर भरतीच्या रेषेला तपकिरी फेस साचतो ना, पाण्यातली घाण तसाच फेस करून कपात जमवणारं यंत्र. मासे बरेच असतील तर घ्या. दोन क्लाउनफिशना दर रविवारी दहा टक्के पाणी बदललं की झालं. 140 लिटरच्या टाकीला ते 14 लिटर, म्हणजे अर्धा किलो मीठ. मीठ टाकीसाठीचंच हवं. स्वयंपाकाच्या मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे कुठून येणार? पाणी आरओचं, खारटपणा लिटरला 35 ग्रॅम, आणि तो मोजायला रिफ्रॅक्टोमीटर. या एका उपकरणात काटकसर करू नका.

मी पहिल्या वर्षी काय केलं सांगते. पंख्यामुळे रोज लिटरभर पाणी उडायचं, आणि मी ते खारं पाणी करूनच भरायचे. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं, हे मी स्वतः मुलांना शिकवत होते! महिन्याभरात लेदर कोरल मिटून बसला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. उडालेलं पाणी साध्या आरओ पाण्याने भरायचं.

आता ती जड वस्तू. प्रवाळांना 25-26 अंश बरं वाटतं. 30 च्या वर पाणी काही दिवस राहिलं की त्यांच्या अंगातलं रंगीत शेवाळ निघून जातं आणि ते पांढरे पडतात. मे महिन्यात बंद खोलीत नुसती बादलीसुद्धा 30-31 ला जाते. पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर दोनेक अंश उतरतात, पण मुंबईची दमट हवा त्याला पुरतं काम करू देत नाही. रात्री एसी आणि दिवसा भट्टी, ही चढउतार तर आणखी वाईट. म्हणून मी बाकी सगळं वाचवलं आणि पाणी थंड ठेवणारा चिलर घेतला. तो गरम हवा खोलीतच सोडतो, तेव्हा खिडकीजवळ जागा हवी.

एक बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही ठेवा, स्वस्त असतो. 12 ऑक्टोबर 2020 ला अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हा माझ्याकडे नव्हता. मी स्टुलावर बसून टाकीतलं पाणी तांब्याने उचलून उंचावरून परत सोडत राहिले, हवा मिसळावी म्हणून. दंड दोन दिवस भरून आले होते. मासे वाचले.

टाकी, दगड, स्टँड मिळून दोनशे किलोच्या आसपास भरेल. भिंतीलगत, तुळईच्या बाजूला ठेवा.

पण आत्ता काहीच विकत घेऊ नका. जिथे टाकी ठेवायची तिथे एक बादली पाणी ठेवा, त्यात थर्मामीटर सोडा, आणि पहाटे सहा व दुपारी तीनचे आकडे मुलाला पूर्ण मे महिना वहीत लिहू द्या. पंप आणि दिव्याचे म्हणून वर दोन अंश धरा. बेरीज 28 च्या आत राहिली तर भावाला सांगा, तू जिंकलास. 31 दिसायला लागले तर चिलरचे पैसे साठेपर्यंत गप्पी पाळा. त्यांना आपला उकाडा चालतो.